डोळा घाटाखाली, खेळ घाटावर

कर्जत
१० फेब्रुवारी २०२५

चि. केरबा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी पालथी पडून लिहिते आहे. पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडलं आहे, खाली पाट, पाटावर कागद, हातात जाड काळा स्केचपेन. अक्षरं वांग्याएवढी आली आहेत म्हणून हसू नकोस. माझा डावा डोळा लहानपणापासून कामचुकार, त्याला एवढीच अक्षरं दिसतात. सगळं काम उजवा करत होता आणि गेल्या मंगळवारी नेमका त्याचाच पडदा सुटला. पनवेलला ऑपरेशन झालं. पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आहे. तो वर चढून पडद्याला दाबून धरतो, म्हणून मी दोन आठवडे जमिनीकडे तोंड करून जगायचं. वय वर्षं सहासष्ट, आणि शिक्षा शाळेतल्या पोरीची.

शिवाय घाट चढायचा नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि आहे तेवढा डोळाही जातो. लोणावळ्याचं माझं घर इथून तासाभरावर, पण बुडबुडा विरेपर्यंत दोन महिने मला ते अमेरिकेइतकं लांब. पडदा धरला की नाही, मला परत दिसणार की नाही, हे तो विरल्यावरच कळणार.

आपली भाची अनघा मला तिच्या घरी ठेवून सेवा करते आहे, पण तुरुंगाधिकाऱ्यासारखी. माझा मोबाइल तिने कपाटात टाकून किल्ली कमरेला खोचली आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं निदान एकच, ‘मावशी, त्या व्हिडिओ गेमनी डोळा गेला.’ डॉक्टर म्हणतात की वय आणि चष्म्याचा मोठा नंबर ही कारणं. पण डॉक्टरचं कोण ऐकतं! देहूरोडच्या डेपोत चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर बसले, तेव्हा माझ्या कानांची काळजी कोणाला वाटली नाही. निवृत्त बाईने विपश्यनेला डोळे मिटले तर कौतुक, आणि खेळायला डोळे उघडे ठेवले की बोंब.

असो. तू आणि रतनबाई माझ्या घरी झाडांना पाणी घालायला राहिला आहात. भात कामशेतच्या बाजारात घालून झालंय, तुला उसंत आहे. तेव्हा भाऊराया, एक काम कर. टीव्हीखालचा काळा डबा चालू कर, माझे खेळ खेळ आणि काय दिसतं ते मला लिही.

त्यांची इंग्रजी नावं राहू देत, मी माझी ठेवली आहेत. ‘पळापळ’ ही मोटारींची शर्यत. त्यातला डोंगरातला धुक्याचा रस्ता तेवढा मला आवडतो, आणि तिथे मी नेहमी शेवटी येते, कारण वळणावर दरी बघायला थांबते. ‘साहेब’ हा लढाईचा. नोकरीत ज्या ज्या माणसाला ‘येस सर’ म्हटलं, तो तो मला त्यात खंदकाआडून डोकं काढताना दिसतो. तो आनंद तुझ्यासारख्या सज्जनाला कळायचा नाही. ‘फरश्या’त वरून फरश्या पडतात, त्यांची रांग जुळवायची. कोणाचा राग आला की मी तो खेळते, म्हणजे रोज. ‘भटकी’त एक घोडा आणि न संपणारं जग आहे. तिथे काही कामगिरी करायची असते म्हणे. दोन वर्षांत मी ती केलेली नाही. घोड्यावर बसून फिरते, एवढंच.

आणि सगळ्यांत लाडकी ‘वाडी’. शेत, ओढा, छोटं घर. तिथलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं, पंधरा दिवस पाणी दिलं नाही तर पीक सुकतं. घरासमोर एक निळं झाड आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याचं रोप लावलं, एक दिवस चुकवला नाही. ते आयुष्यात एकदाच फुलतं, वसंताच्या पहिल्या दिवशी. यंदा वीस मार्चला. तो बहर मला बघायचा होता. आता तू बघ, आणि मला सांग.

तुझी,
चंपाआक्का


लोणावळा
१७ फेब्रुवारी

आक्कास केरबाचा जय भीम.

तुजं पत्र मिळालं. रतनबाईला वाचून दावलं. ती म्हनली, “वन्सं येवढ्या विंग्रजी शाळंत शिकल्या, आन् ह्ये करीत बसत्यात व्हय?” आता तीच माझ्याआदी येऊन टीव्हीम्होरं बसती.

पळापळीत मी गाडी घेतली आन् डाव्या अंगानं नीट चाललो. मागची सगळी भोंगं वाजवत म्होरं गेली. म्हटलं जाऊ द्या, शनवार-ऐतवारची मुंबईवाली दिसत्यात. तुज्या वळनावर थांबलो. खाली धुकं व्हतं आन् धुक्याच्या खाली कुटंतरी दिवं लागलं व्हतं. गाव कुटलं ते न्हाई कळालं. लय येळ थांबलो.

सायेबात मला काय जमंना. मी बंदूक खाली करून हुबा ऱ्हायलो, त्या मानसानं मला मारलं. पुन्यांदा जिता झालो, पुन्यांदा हुबा ऱ्हायलो, पुन्यांदा मारलं. आक्का, तुज्या सायबांना काय लाज न्हाई बग.

भटकीत घोडा तळ्यावर नेला. रतनबाई म्हनली त्याला तान लागली आसंल. पानी लय शांत. घोड्यानं मान खाली केली तवा पान्यातल्या घोड्यानं मान वर केली. दोघांची तोंडं एका जाग्याला लागली आन् तितनं गोल गोल लाटा निघाल्या. त्या लाटा पार आभाळापातुर गेल्या, म्हंजी पान्यातल्या आभाळापातुर. 

वाडीत तुजं झाड मानसायेवढं झालंय. पानं निळी, पर येकसारखी न्हाईत, वरली फिकी, खालची शाईवानी. शेजारचा टोपीवाला म्हातारा रोज सकाळी येतो, झाडाला पानी घालतो, विंग्रजीत कायबाय बोलून जातो. मी त्याला जय भीम घालतो. आक्का, एक सांगू का? तुज्या वाडीतली माती भुकेली हाय. नुसतं पानी घालून काय व्हतंय?

डोळ्याचं कळव.

केरबा


कर्जत
२२ फेब्रुवारी

चि. केरबा,
सप्रेम जय भीम.

मला आता बसायची परवानगी मिळाली. चेहऱ्यावर उशीचे वळ पडले आहेत, आणि अनघा म्हणते की मी वीस वर्षांनी मोठी दिसते. खरं बोलायला तिला कोणी सांगितलं होतं?

बुडबुड्यातून काय दिसतं, ते ऐक. आपण लहानपणी इंद्रायणीत डोळे उघडे ठेवून बुडी मारायचो, तसं. सगळं उजळ, सगळं हलतं, आणि कशालाच कड नाही. खिडकी म्हणजे दुधाचा पाट. अनघा समोरून गेली की एक हिरवी लाट जाते आणि तिच्या बांगड्या मागून येतात. मला याचा राग यायला हवा. पण खरं सांगते, कधी कधी मी तासन् तास त्या उजेडात बसून राहते आणि मला कोणाचाच राग येत नाही. हे कोणाला सांगू नकोस, चौतीस वर्षांची कमाई जाईल.

तुझा घोडा मी अनघाला तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, “थांब गं मावशी, लाटा परत वाचते.” दोन वर्षं मी त्या तळ्यावर जाते आहे, घोड्याला पाणी पाजायचं मला सुचलं नाही. तू गावात राहिलास, मला कॉन्व्हेंटात धाडलं; तिथे सगळं शिकवलं, घोड्याची तहान नाही शिकवली.

आणि भुकेली माती कसली रे? ती काचेमागची माती, तिला पोट नाही. पण तुझ्यातल्या शेतकऱ्याला चैन पडत नसेल तर हवं ते कर, झाडाला पाणी तेवढं चुकवू नकोस.

तुझी,
आक्का


लोणावळा
६ मार्च

आक्कास केरबाचा जय भीम.

पत्राला येळ झाला. मधी गावाकडं जाऊन राब भाजून आलो. तोडल्याल्या डहाळ्यांची कवळं, शेन, पाला सगळा वाफ्यावर पसरला, वर माती भुरभुरली, वारा बगून पेटावला. औंदा राब चांगला भाजलाय. भाताचं रोप जोरात येनार.

हितं सगळं बरं हाय. भटकीत काल घोडा डोंगरावर नेला, पर ढगात गेला आन् मग घोडा बी दिसंना, मी बी दिसंना. नुसता टापांचा आवाज. रतनबाई म्हनली, “येऊ द्या माघारी.” आलो.

एक इचारायचं व्हतं. सायेबात मेलं की पुन्यांदा जितं व्हता येतंय. वाडीत बी तसं असतंय का? म्हंजी एकांदी गोष्ट मागं फिरवता येती का? सहज इचारलं.

केरबा


कर्जत
११ मार्च

चि. केरबा,
सप्रेम जय भीम.

केवढंसं पत्र! डेपोत तारा याहून लांब यायच्या.

तुझा प्रश्न मला कळला. तू वाडीचं विचारलंस, पण मनात माझा डोळा होता. नको काळजी करूस. डोळा उत्तम आहे, डॉक्टर खूश आहेत. बुडबुडा आता निम्मा झाला. त्याची पातळी डोळ्याच्या मधोमध आली आहे, मान हलवली की तळं हिंदकळतं. पाण्याच्या वर जग दिसतं. अनघाचं कपाळ दिसलं, त्यावर आठी होती, म्हणजे दृष्टी बरोबर आहे.

आणि वाडीत मागे काही फिरवता येत नाही. तिथे मरणंही नाही आणि परत जिवंत होणंही नाही, नुसता एकामागून एक दिवस. म्हणून तर मला तो सगळ्यांत आवडतो. बाकीचे खेळ हरायला भाग पाडतात, किंवा जिंकायला. वाडीत मी कोणाची कोणी नव्हते. सकाळी दार उघडायचं, ओढ्याचा आवाज, झाड एका पानाने मोठं. एवढ्यासाठी मी आयुष्यभर कोणाकडे तरी अर्ज करत होते असं वाटायचं.

नऊ दिवस राहिले. बहर बघताना घाई करू नकोस. आधी खालून बघ, मग लांबून.

तुझी,
आक्का


लोणावळा
२१ मार्च

आक्कास केरबाचा जय भीम.

झाड फुललं.

काल सकाळी डबा चालू केला तवा अजून उजाडत व्हतं. आदी एकच फूल दिसलं, टोकाला. मग त्याच्या खालचं, मग येकदम सगळंच. जसं कुनी झाडाच्या आत दिवा लावला आन् तो हळूहळू बाह्येर आला. रंग निळा जांभळा, तुज्या त्या रेशमी पातळाच्या काठावानी. देठावर बारीक लव. मधमाश्या आशा आल्या की झाड गुनगुनाया लागलं. वारा सुटला तवा फुलं वढ्यात पडली आन् वढा निळा झाला. ती फुलं वाहत गेली वाडीच्या बाह्येर, कुटं गेली ते दिसत न्हाई. वास आसा की रतनबाई सैपाकघरातनं आली.

तू म्हनलीस तसं आदी खालून बगितलं. खालून आभाळ दिसत न्हवतं. मग लांबून बगितलं. लांबून आसं दिसलं की डोंगराला कुनी तरी सवतानं निळं पांघरून घातलंय.

तुजी लय आठवन आली.

केरबा


कर्जत
२७ मार्च

केरबा,

जय भीम. आशीर्वाद नाहीत, खोटारड्याला आशीर्वाद देत नाही मी.

त्या खेळात मधमाश्या नाहीत. दोन वर्षांत एक पाहिलेली नाही. आणि वास? टीव्हीला वास कधीपासून यायला लागला? देठावर लव असलेलं, डोंगराला पांघरूण घालणारं फूल मला ओळखता येत नाही असं वाटलं तुला? ती कारवी आहे. तुंग गडाच्या उतारावर आपण दोघं होतो, तू सहा वर्षांचा, मी आठ वर्षांची. परत येताना तू माझ्या पाठीवर झोपलास आणि तुझ्या मुठीतली फुलं माझ्या मानेवर चुरगळली. ती फुलं तू माझ्या वाडीत लावतोस? झाडाचं काय झालं ते खरं लिही.

तुला खोटारडा म्हणायचा अधिकार मला नाही, हेही लिहून टाकते. डोळा उत्तम नाही. बुडबुड्याच्या वर जे जग दिसतं, त्याच्या बरोबर मध्ये एक राखी डाग आहे, कोणीतरी काचेवर अंगठा टेकवल्यासारखा. मी जिकडे बघते, तिकडे तो आधी जाऊन बसतो. डॉक्टर म्हणाले, बघू. सगळे ‘बघू’ म्हणतात, बघायचं मात्र मी!

तुझं पत्र वाचून अनघाने ते घडी घालून ठेवलं. मग म्हणाली, “मावशी, छान फुललं ना?” मी हो म्हटलं. तेव्हापासून ते झाड मला दिसतं आहे, डागाच्याही जागी. म्हणून जास्त राग आला.

चंपा


लोणावळा
१ एप्रिल

आक्कास केरबाचा जय भीम.

मी झाड जाळलं.

माती भुकेली हाय म्हनून तुला लिवलं व्हतं. तू म्हनलीस हवं ते कर. थैलीत मशाल व्हती. घरी करतो तसं केलं. वाफ्यावर पाला पसरला, वारा न्हाई बगून पेटावला. घरी जाळ हळू चालतो, मानूस हातात वला डहाळा घेऊन मागं चालतो, जास्ती झाला की झोडपतो. हितं झोडपायचं बटन सापडंना. रतनबाई वरडली, “पानी मारा!” पान्याचं बटन दाबलं तर खेळातल्या मानसाच्या हातातलं पान्याचं भांडंच खाली पडलं. जाळ कुंपनाला लागला, मग झाडाला. झाड लय येळ जळत व्हतं आन् जाळ बी निळा व्हता. मी लाकडावानी बसलो. पन्नास वर्सं राब भाजतोय, एक आंब्याची डहाळी न्हाई जळाली माज्या हातनं.

तुज्या डोळ्याचं आसं, आन् मी ह्ये केलेलं. सांगवंना. मग म्हटलं, तिला कुटं दिसतंय. आसं म्हटलं आन् माजीच मला लाज वाटली. पर लिवाया बसलो तवा खोटं न्हाई वाटलं. माज्या डोळ्याम्होरं खरंच फुललं व्हतं.

खरं काय हाय ते लिवतो. घरासमोर काळा चौकोन हाय. टोपीवाला म्हातारा अजून रोज सकाळी येतो आन् झाड व्हतं त्या जाग्यावर पानी घालतो. त्याला कुनी सांगितल्यालं न्हाई. मी बी त्याच्या शेजारी जाऊन हुबा ऱ्हातो आन् पानी घालतो. काय उगवलं न्हाई. गवत बी न्हाई.

तू डागाचं लिवलंस ते रतनबाईला वाचून दावलं न्हाई. मी एकल्यानंच वाचलं.

केरबा


कर्जत
१० एप्रिल

चि. केरबा,
सप्रेम जय भीम, आणि अनेक आशीर्वाद.

बुडबुडा विरला. शेवटी तो मोहरीएवढा झाला होता, मान हलवली की घरंगळायचा. परवा सकाळी चहा पिता पिता गेला. मी कपात बघितलं, वेड्यासारखं.

काल पनवेलला जाऊन आलो. पडदा धरला आहे. भिंतीवरच्या तक्त्याच्या तीन ओळी मी वाचल्या. चौथीत मुंग्या होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून एखादी ओळ येईल, नाहीही येणार. मधला डाग मात्र राहणार. समोरच्याकडे सरळ पाहिलं तर नाकडोळे पुसलेले, जरा बाजूला नजर टाकली की परत येतात. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे यापुढे सगळ्यांकडे तिरकंच बघायचं का? अनघा म्हणाली, “आधी कुठे सरळ बघत होतीस!” डॉक्टर हसले. मी घरी येऊन न्हाणीघराची कडी लावली आणि रडले. मग तोंड धुऊन जेवले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

‘साहेब’ आता मला खेळता येणार नाही, नेमच धरता येत नाही. सुटले सगळे. फरश्याही बहुतेक गेल्या. पळापळीत वळणावर थांबता येईल. तळ्यावर घोडा नेता येईल, घोडा मोठा असतो. कोपऱ्यातली बारीक अक्षरं रतनबाईला दिसतील तशी ती एकेक अक्षराचा आकार सांगेल, मी वाचेन. बिचारीला कळणारही नाही की ती इंग्रजी शिकते आहे.

झाडाबद्दल काय लिहू? दोन वर्षं मी त्याला पाणी घातलं आणि त्याच्यापाशी कधी थांबले नाही, पाणी घालून पुढच्या खेळात जायचे. तू जाळलंस आणि महिनाभर राखेपाशी उभा आहेस. मला तुझा राग येत होता, पण तो शोधायला गेले तर जागेवर नव्हता. आल्यावर परत शोधीन.

घाट चढायची परवानगी मिळाली. रविवारी सकाळी ये. आपण गाडीने वर जाऊ. खिडकी माझी. दोन महिने तू सांगितलंस आणि मी ऐकलं, खरं तेही आणि खोटं तेही. आता घाटात तू तोंड उघडायचं नाहीस. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की काय दिसतं ते मी सांगणार, आणि तू ऐकणार. समोरच्या डोंगराला मी ढग म्हटलं तर म्हणू दे. पळसाला वणवा म्हटलं तरी दुरुस्त करू नकोस. उतारावर बसलेल्या गाईला मी दगड म्हणेन कदाचित. तेव्हाही गप्प बस. तो दगड उठून चरायला लागला, तर मीच थांबेन, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागेन.

तुझी,
चंपाआक्का